घरचें गाणें व ध्वनिमुद्रणाचें यंत्र

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भजनें आजहि आपल्या मंडळ्यांत गाइलीं जातात. त्यांचे शब्द पुस्तकांत छापलेले असल्यामुळें ते नाहींसे होण्याची भीति नाहीं. पण तुमच्या घरीं आजी एखादें भजन ज्या चालीवर म्हणतात, ती चाल कोठें लिहून ठेविली आहे? कोणता सूर लांबवावा, कोठें श्वास घ्यावा, हें कागदावर पुरतेपणीं उतरत नाहीं. तें कंठांतून कंठांत जातें. मधला एक कंठ थांबला कीं वाट मोडते. जात्यावरच्या ओव्यांचेंहि असेंच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. परंतु बायकांच्या आवाजांत मुद्रित झाल्या त्या त्यांतील कांहींच. म्हणून घरचें गाणें मुद्रित करून ठेवणें हें केवळ हौसेचें काम नव्हे. त्यासाठीं यंत्र कसें निवडावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

आरंभीं ही विद्या फार अवघड होती. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं गाणाऱ्यास मोठ्या कर्ण्यापुढें बसून सुमारें तीन मिनिटांत सारें गाणें आटोपावें लागे. साथहि त्याच वेळीं व्हावयाची. एकाचें चुकलें, तर साऱ्यांनीं पुन्हां आरंभापासून गावें. पुढें चुंबकीय फीत आली व तिच्यावर निरनिराळे आवाज शेजारींशेजारीं, पण स्वतंत्र पट्ट्यांवर घेतां येऊं लागले. अशा पट्टीस ट्रॅक म्हणतात. १९७९ सालीं टीअॅक या जपानी कंपनीनें साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारें यंत्र काढिलें, आणि ही सोय घरांत आली. आतां फितीची जागा नखाएवढ्या कार्डानें घेतली आहे.

सोलापूरच्या मुलांस ट्रॅक म्हणजे काय, हें समजावयास वेळ लागूं नये. मागावर ताण्याचे धागे शेजारींशेजारीं, पण निराळे ओढलेले असतात; एखादा तुटला, तर तेवढाच जोडतां येतो. त्याप्रमाणें पेटीचा ट्रॅक बिघडला, तर तेवढाच पुन्हां वाजवावा. आजींचा आवाज जसाच्या तसा राहतो. सर्व ट्रॅक योग्य प्रमाणांत एकत्र केले, म्हणजे चादर विणून झाली!

डिजिटल यंत्र आवाजाचीं मापें घेऊन तीं अंकांत लिहितें. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, आणि मापें त्याच्या दुपटीहून अधिक वेळां घ्यावीं लागतात. म्हणून सेकंदास ४४,१०० मापें घेण्याची पद्धति रूढ झाली. १६ बिटांच्या मापांनीं एका ट्रॅकचें एक मिनिट सुमारें ५ मेगाबाइट जागा घेतें. आठ ट्रॅकांचें दहा मिनिटांचें भजन सव्वाचारशें मेगाबाइटांच्या आसपास जातें. तेव्हां कार्ड पुरेल कीं नाहीं, ही चिंता व्यर्थ होय.

खरी चिंता निराळी आहे. यंत्राच्या खोक्यावर ट्रॅकांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. परंतु एका वेळीं किती ट्रॅक मुद्रित होतात, हें बारीक अक्षरांत असतें. टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्स या यंत्रांत ट्रॅक आठ, पण एका वेळीं दोनच मुद्रित होतात. झूमच्या आर-२० या यंत्रांत ट्रॅक सोळा व एका वेळीं आठ. मग घ्यावें कोणतें? याचें उत्तर दुकानदारास न विचारतां आपल्या गाण्यास विचारावें. आपल्याकडे गाणारा व तबलजी एकमेकांकडे पाहून लय वाढवितात. त्यांना वेगवेगळ्या दिवशीं बसविलें, तर भजनांतील प्राणच जातो. हे दोन आवाज एकाच वेळीं घेतलेच पाहिजेत. टाळ व मागचा कोरस मात्र नंतर चढवितां येतो. म्हणून सामान्य घरास एका वेळीं दोन आवाज घेणारें यंत्र पुरतें. सबंध भजनी मंडळ एकत्र मुद्रित करावयाचें असेल, तरच आठांचा खर्च करावा. कंडेन्सर मायक्रोफोन वापरावयाचा असल्यास त्यास लागणारी ४८ व्होल्टांची वीज यंत्र पुरवितें कीं नाहीं, तेंहि आधीं पाहावें.

यंत्र उत्तम असलें, तरी खोली वाईट असेल तर उपयोग नाहीं. पूर्व भागांत यंत्रमागांचा खडखडाट, उन्हाळ्यांत डोक्यावर पंखा. आजींच्या आवाजाबरोबर हेंहि सारें कार्डावर जातें. म्हणून पहाटेची वेळ निवडावी, पंखा बंद ठेवावा, भिंतींशीं सोलापुरी चादरी टांगून घुमारा कमी करावा. मायक्रोफोन मुखापासून वीतभर अंतरावर ठेवावा व तबला शक्य तितका दूर बसवावा. मापकाचा कांटा शून्यास कधीं भिडूं देऊं नये. डिजिटल यंत्रांत एकदां फाटलेला आवाज पुन्हां सांधत नाहीं. आरंभीं गाणाऱ्याचें नांव, गांव व तारीख तोंडीं सांगावी. आणि काम संपतांच दोन निरनिराळ्या ठिकाणीं प्रती कराव्या.

मित्रांनो, पैसे साठवून यंत्र घेऊं, मग मुद्रण करूं, असें मात्र म्हणूं नका. एकट्या कंठाचें गाणें वडिलांच्या मोबाइलवरहि बरें उतरतें. यंत्र पुढील वर्षीं याहून स्वस्त मिळेल. आजींचा आवाज पुढील वर्षीं याहून क्षीण झालेला असेल. येत्या सुटींत त्यांच्याजवळ बसा, त्यांची अनुमति घ्या, आणि पहिलें भजन त्यांनाच निवडूं द्या.