पळसाचे फूल व काचगृहातील व्हॅनिला

फाल्गुन लागला की पळसाची पाने झडतात व उघड्या फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. 'पळसाला पाने तीनच' असे म्हणून आपण या झाडाचा विचार संपवितो. पत्रावळीपुरती त्याची आठवण होते, आणि सरपण संपले म्हणजे कुऱ्हाडीस होते. तरी वाचकांनी या वसंतात त्याचे एक फूल हाती घेऊन पाहावे.

देठाशी काळपट, मखमली पेला आहे. त्यातून पाच पाकळ्या निघतात. पैकी दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वाकल्या आहेत. म्हणून संस्कृतात यास किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', असे नाव पडले. ही चोच हळूच उकलावी. आत दहा पुंकेसर दिसतील. नऊ तळाशी जोडलेले व एक सुटा. मध खोल तळाशी असतो. त्यासाठी शिंजीर येतो, व चोच आत घालताच त्याच्या अंगास पराग लागतो. फुलास सुवास नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, पाखरास रंग पुरतो. दुसऱ्या झाडाचा पराग मिळाल्यास पळसास शेंगा अधिक धरतात. तेव्हा बांधावर एकच पळस राखून बाकीचे तोडणारा त्या एकाचेही नुकसान करितो.

थंड देशांत उष्ण प्रदेशांतील वनस्पती काचगृहात ऊब देऊन वाढवितात. मेक्सिकोच्या रानातील व्हॅनिलाची वेल अशीच युरोपात नेली. तिला फुले आली, पण शेंग धरेना. ऊब, पाणी, खत सर्व होते. रानातील माशी मात्र नव्हती. या फुलात पराग व स्त्रीकेसर यांच्यामध्ये पातळ पडदा असतो, आणि फूल एकच दिवस टिकते. इ. स. १८३६ त बेल्जममधील लीएज येथे शार्ल मोराँ यांनी हाताने पराग लावून शेंगा धरविल्या. सोपी रीत मात्र १८४१ साली रेयुनियाँ बेटावरील एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलास सापडली: काडीने पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबावयाचा. आजही लागवड याच रीतीने चालते. १८४८ साली तेथील गुलामगिरी उठली तेव्हा त्यास अल्बियस हे आडनाव मिळाले. मळेवाले श्रीमंत झाले. त्याचा अंत १८८० साली दारिद्र्यात झाला.

आता घरचा पाठ. पळसाच्या कळ्यांची एक फांदी, फुले उमलण्यापूर्वी, विरळ कापडाच्या पिशवीत बांधावी. शेजारची मोकळी ठेवावी. आत मुंग्या राहिल्या नाहीत हे पाहावे. फुले गळताच पिशवी सोडावी, व शेंगा दिसू लागल्या म्हणजे दोन्ही फांद्यांवरील मोजून वहीत लिहाव्या. एकाच झाडावर भिस्त ठेवू नये. तीन-चार झाडे घ्यावीत.