जुना दंड थकला म्हणून नवा दावा बाद?

प्रश्न : अमेरिकेत एका कैद्याने तुरुंगाविरुद्ध केलेला दावा कोर्टाने फेटाळला. कारण काय, तर आधीच्या दाव्यांत झालेला दंड त्याने भरला नव्हता. तक्रार खरी की खोटी हे न पाहताच कोर्ट असं करू शकतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : करू शकतं. टेक्सास, लुइझियाना भागातल्या फेडरल कोर्टांत तर ही रुळलेली पद्धत आहे. एखादा कैदी निरर्थक दावे करतच राहिला, तर न्यायाधीश त्याला दंड करतात आणि हुकूम काढतात की दंड भरेपर्यंत, किंवा पूर्वपरवानगी मिळेपर्यंत, याचा नवा दावा घेऊ नये. एका कोर्टाचा हुकूम तिथली दुसरी कोर्टंही मानतात. असा दावा फेटाळला म्हणजे तक्रार खोटी ठरली असं नाही. कोर्ट गुणदोषांपर्यंत गेलेलंच नसतं.

कोर्टांची अडचण खरी आहे. १९८१ सालच्या एका निकालात नोंद आहे की एकाच कैद्याने सहाशेहून अधिक दावे दाखल केले होते. पुढे १९९६ साली संसदेने कायदाच केला. निरर्थक, खोडसाळ किंवा कायदेशीर आधार नसलेले म्हणून तीन दावे फेटाळले गेले, की चौथ्या वेळी कैद्याला दाव्याची फी हप्त्यांनी भरण्याची सवलत नाही. पूर्ण फी आधी भरायची. सध्या ती ४०५ डॉलर आहे. जिवावर बेतणारा किंवा गंभीर इजेचा धोका समोर उभा असेल, तरच सूट. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही या तिनांत धरायचा. वकिलाविना, कोठडीत बसून हाताने लिहिलेला दावा कच्चा राहणारच, आणि तोही मोजला जातो. हे मला खटकतं.

त्याहून जास्त खटकतो तो दंड. टेक्सासात बहुतेक कैद्यांना तुरुंगातल्या कामाची मजुरीच मिळत नाही. घरून पैसे येत नसतील तर दंड भरायचा कशातून? ज्याच्या घरचे दंड भरतील त्याचा दावा वाचला जातो. ज्याचं कोणी नाही, त्याला पहारेकऱ्याने खरोखर मारलं असलं तरी परवानगीसाठी हात जोडावे लागतात. वारंवार अर्ज करणाऱ्या एका गरीब माणसाची फीमाफी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बंद केली, तेव्हा न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवलं होतं. गरिबांना दिलेल्या हक्काचा गैरवापर रोखण्याची एवढी धडपड कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. तो मला आजही रास्त वाटतो.

आपल्याकडेही असा कायदा आहे. महाराष्ट्रात १९७१ पासून, सवयीने खोडसाळ दावे करणाऱ्यावर महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालय बंधन घालू शकतं. पण त्या माणसाला आधी बाजू मांडू द्यावी लागते. नव्या दाव्याला परवानगी देताना त्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे पाहिलं जातं, जुना दंड भरला का हे नव्हे.