टेफलची फी भरण्याआधी हा एक प्रश्न विचारा



स्पोकन इंग्लिश क्लासच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, १२० तासांचं टेफल ऑफरमध्ये मिळतंय, करून टाकू का?" व्हिडिओत हे राहून गेलं होतं, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. टेफल म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणं. हे कामाचं नाव आहे, एखाद्या परीक्षेचं नाही. त्यामुळे कोणतीही संस्था 'टेफल सर्टिफिकेट' छापू शकते, आणि छापतातही! (टोफेल वेगळं. ती परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा.)

जगभर ओळखली जाणारी सर्टिफिकेटं मुख्यतः दोन: केंब्रिजचं सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्ट-टीसॉल. आता गंमत बघा, सेल्टासुद्धा साधारण १२० तासांचंच आहे. मग फरक कुठे? सेल्टात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं. ट्रेनर मागे वही घेऊन बसतो आणि तास संपला की तुमचं कुठे चुकलं ते सांगतो. शिवाय केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक कोर्स तपासतो. सेल्टा ऑनलाइनही होतं, पण समोर विद्यार्थी खरेच असतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "मी किती तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार, आणि ते बघणार कोण?" उत्तर 'शून्य' असेल, तर तुम्ही वाचनाचा कोर्स विकत घेताय. वाईट नाही, पण मग किंमतही तेवढीच द्या.

बघणारा माणूस का लागतो? समजा तुम्ही 'ही यूज्ड टू लिव्ह इन पुणे' शिकवताय. आपण फळ्यावर लिहितो, मराठीत अर्थ सांगतो आणि विचारतो, "समजलं का?" अख्खा वर्ग म्हणतो, "हो सर." ते 'हो' फुकटचं असतं. तिथे सवय लावतात ती वेगळ्या प्रश्नांची. तो आता पुण्यात राहतो का? नाही. पूर्वी राहायचा का? हो. एक दिवस राहिला की बराच काळ? बराच काळ. ही तीन उत्तरं बरोबर आली तरच समजलं. पुस्तकात हे दोन मिनिटांत वाचून होतं. पण वर्गात तोंडातून पुन्हा "समजलं का?"च निघतं, आणि ते आपलं आपल्याला ऐकूच येत नाही.

आता हिशोब. सेल्टाची फी लाखाच्या वर जाते. एका विद्यार्थ्यामागे महिन्याला खर्च वजा जाता ४०० रुपये उरत असतील आणि वर्गात २० जण असतील, तर लाख रुपये म्हणजे साडेबारा महिन्यांची कमाई. तालुक्याच्या गावात क्लास चालवणार असाल तर स्पष्ट सांगतो, भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून कुणी प्रवेश घेत नाही. शेजारणीचा मुलगा मुलाखतीत बोलला का, ते बघून घेतात. परदेशी भाषाशाळेत नोकरी हवी असेल तर गणित बदलतं, पण आधी व्हिसाचा नियम वाचा. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, आणि त्यात भारत नाही. सर्टिफिकेट कितीही भारी असलं तरी पासपोर्ट बदलत नाही.

निर्णय घ्यायच्या आधी या आठवड्यात एक काम करा. तुमचा एक तास मोबाईलवर रेकॉर्ड करा. घरी ऐकताना कागदावर दोन रकाने पाडा, 'मी' आणि 'मुलं', आणि कोण किती मिनिटं बोललं ते मांडा. तुमच्या रकान्यात ४० मिनिटं निघाली तर घाबरू नका, बहुतेकांची तेवढीच निघतात. पुढच्या तासाला ती ३० वर आणा आणि पुन्हा रेकॉर्ड करा.