घंटेनंतरचा अभ्यास

आपल्या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी भेटले की बहुतेकांना आधी आठवते ती घंटा. पहाटे पाचला उठण्याची, सहाला वंदनेची, मग श्रमदानाची, न्याहारीची, तासांची, सायंकाळी मैदानाची, रात्री भोजनाची आणि शेवटी अभ्यासिकेची. त्रिसरण-पंचशीलाने सुरू झालेला दिवस रात्री दहाला दिवे मालवून संपतो. ज्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात जातात, ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळा कोपरा नाही, अशा अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडील मुलामुलींच्या आयुष्याला या घंटेने शिस्त दिली. तिचे ऋण मोठे आहे. तरीही अनेक वर्षे इतिहास शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत विद्यार्थी त्या घंटेवाचून अभ्यासाला बसू लागला नाही, तर आपले काम अर्धेच राहिले.

हे मत मला माझ्याच एका चुकीने शिकवले. बारावीची अभ्यासिका माझ्याकडे असताना मी प्रत्येक अर्ध्या तासाचे वेळापत्रक आखले होते. कोणते प्रकरण, कोणती प्रश्नपत्रिका, किती वाजता, सारे मी ठरवीत असे. निकाल उत्तम लागला. पहिल्या आलेल्या मुलाला आम्ही पुष्पगुच्छ देऊन पदवीसाठी शहरात पाठवले. दिवाळीच्या सुमारास तो बॅग घेऊन परत आला. म्हणाला, "सर, तिथं काय वाचायचं हे कुणी सांगतच नाही. सकाळी उठून बसतो, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही." त्याची बुद्धी कमी नव्हती. स्वतःचा अभ्यास स्वतः ठरवण्याची संधी मी त्याला एकदाही दिली नव्हती. त्याचे एक वर्ष गेले. त्यातील काही वाटा माझा आहे.

दहावीनंतर अभ्यासाचे स्वरूप बदलते, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विज्ञान शाखेत एकाएकी इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घ्यावे लागते. कला शाखेत उत्तर पाठ करून भागत नाही. कारणे मांडावी लागतात. या वळणावर गोंधळलेले पालक कर्ज काढून मुलाला खाजगी क्लासला घालतात. तिथे आणखी एक घंटा, आणखी एक वेळापत्रक. मूल सतत शिकवले जाते, पण एकटे शिकायला त्याला वेळ उरत नाही.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागून भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः झोपत. ती वडिलांच्या मायेची घंटा होती. परंतु शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन अवांतर पुस्तके वाचत बसावे, असे त्यांना कोणत्याही वेळापत्रकाने सांगितले नव्हते. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष या मुलाकडे गेले. गुरुजींनी त्यांना वाचायला पुस्तके दिली आणि पुढे एका सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्याचा एक धागा बागेतल्या त्या वाचनापर्यंत मागे जातो.

दुसरे उदाहरण संस्कृतचे. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही जातीमुळे ती त्यांना नाकारली गेली. फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. वर्गाचे दार बंद करणाऱ्यांना स्वयंअध्ययनाचे दार बंद करता आले नाही. आपल्या समाजासाठी स्वयंअध्ययन ही हौसेची गोष्ट कधीच नव्हती, ती यासाठी.

हाच विचार त्यांनी मराठवाड्यात संस्थेच्या रूपाने रुजवला. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा म्हणजे मिलिंद. उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला आणि प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला, या योजनेत मला अभ्यासाची सारी पद्धत दिसते. आधी प्रश्न पडला पाहिजे.

त्या मुलाच्या प्रसंगानंतर आम्ही रात्री आठ ते नऊ हा तास अकरावी-बारावीसाठी मोकळा ठेवला. नियम मोजकेच. आज काय अभ्यासायचे, हे विद्यार्थ्याने सकाळीच एका ओळीत लिहायचे. एक भाग वाचून पुस्तक मिटायचे, आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहायचे, मग पुस्तक उघडून चुका पाहायच्या. दोन दिवसांनी आणि आठवड्याने तेच पुन्हा न बघता लिहायचे. प्रत्येकाची एक प्रश्नवही: डाव्या पानावर न कळलेले, उजव्या पानावर सापडलेले उत्तर आणि ते कुठे सापडले याची नोंद. शिक्षकाने तिथे असायचे, पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही. पहिला महिना फसला. कोणी पेंगले, कोणी शेजाऱ्याची ओळ उतरवून काढली. मलाही गप्प बसणे जड गेले. तिसऱ्या महिन्यापासून डावी पाने भरू लागली.

भोकरदन तालुक्यातील एका मुलीच्या डाव्या पानावर एके दिवशी प्रश्न आला: इतिहासाच्या पुस्तकात सांची आहे, मग आमचे भोकरदन का नाही? उत्तर मला ठाऊक होते. ते मी दिले नाही. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दिली. तीन आठवड्यांत तिने शोधून काढले की भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे. १९७३ साली येथे उत्खनन झाले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या अवशेषाचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या भारतीय मूर्तीशी अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि पॉम्पेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. वही पुढे करून ती म्हणाली, "सर, आपल्याकडची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी स्तूपाला दान देत होती!" हे वाक्य मी वर्गात सांगितले असते, तर ती माहिती झाली असती. तिने ते शोधले, म्हणून ते तिचे झाले.

पालकांना एक विनंती आहे. सुट्टीत मूल घरी आले की दिवसातला एक तास त्याच्याकडे काम सोपवू नका आणि त्याला अभ्यासाला बस असेही म्हणू नका. तो तास त्याचा. संध्याकाळी एवढेच विचारा, "आज कोणता प्रश्न पडला?" हे विचारायला स्वतःला लिहितावाचता यावे लागत नाही. माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही शाळेला पुस्तके देता, त्याबद्दल आभार. एखाद्या रात्री अभ्यासिकेत येऊन स्वतःचे पुस्तक घेऊन शांतपणे बसा. मोठी माणसेही कोणी न सांगता अभ्यास करतात, हे मुलांना दिसू द्या.

कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तपासणे एकट्याने बसून शिकावे लागते आणि त्याला वेळ लागतो. दोन वर्षांपूर्वी बारावी झालेल्या एका मुलाचा परवा फोन आला. शहरात खोली घेऊन राहतो. मी विचारले, "सकाळी किती वाजता उठतोस?" तो हसून म्हणाला, "पाचला, सर. पण आता घंटा लागत नाही."