जागच्या जागी न्याय आणि लोकांचा विश्वास

प्रश्न : पोलिसांनी गुन्हेगाराला जागच्या जागी धडा शिकवला, तर लोकांचा विश्वास वाढणारच ना? – एक वाचक, तलमडुगु (जि. आदिलाबाद)

उत्तर : वाढतो तो दबदबा. 6 डिसेंबर 2019 रोजी शादनगरजवळ बलात्कार व खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. या चकमकीची चौकशी करणाऱ्या न्या. वि. स. सिरपूरकर आयोगाचा अहवाल 2022 मध्ये खुला झाला. गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, असे त्याचे मत होते. आरोपी खरेच दोषी होते का, हे आता कोणतेही न्यायालय ठरवू शकणार नाही. न्यायालयातून सत्य कळणे हा पीडितेच्या घरच्यांचाही हक्क होता.

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, हा तुमचा राग रास्तच आहे. पण त्यावर इलाज न्यायालये वाढवण्याचा आहे. बंदुकीला एकदा मोकळीक मिळाली की ती फक्त गुन्हेगारावरच रोखली जाईल, याची हमी कोण देणार? तुमच्याच जिल्ह्यात इंद्रवेलीला 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 मृतांचा. स्थानिक लोक तो कितीतरी मोठा सांगतात. चार दशकांनंतरही आकड्यावर एकमत नाही, यातच अविश्वास किती खोल आहे ते दिसते.

विश्वास वाढतो तो पोलिसांनी नियम पाळल्याने. म्हणून उद्या गावात कुणाला अटक झाली, तर अटकेचा मेमो मागा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. या दोन्ही आहेत का, ते जरूर बघा.