सल्लागाराला पैसे कोण देतं?

फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात जमा झाली की बँकेतून फोन येतो, ‘साहेब, चहाला या ना एकदा.’ चहाला जरूर जा. सहीचं नंतर पाहू.

काय करावे

• नोंदणी क्रमांक मागा. तो ‘आयएनए’ने सुरू होत असेल तर समोरचा सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार, त्याची फी तुम्ही देता. ‘एआरएन’ असेल तर तो म्युच्युअल फंडांचा वितरक. त्याला कमिशन फंड कंपनी देते. वितरकीत गैर काही नाही, कित्येक जण ती सचोटीने करतात. फक्त बोलणाऱ्याचं पोट कशावर चालतं, ते आपल्याला ठाऊक हवं. क्रमांक सेबी किंवा अ‍ॅम्फीच्या (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. व्हिजिटिंग कार्डावर काय, काहीही छापून मिळतं.

• योजना डायरेक्ट की रेग्युलर, हे विचारा. रेग्युलरच्या खर्चात वितरकाचं कमिशन असतं, डायरेक्टच्या नसतं. डायरेक्टची सोय जानेवारी २०१३ पासून आहे. २० लाखांवर खर्चात एका टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला २०,००० रुपये. त्याचं वेगळं बिल येत नाही, एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या किमतीतूनच, ते वळते होतात.

• मार्च २०२० मधल्या शेअर बाजाराच्या पडझडीत ग्राहकांना काय सांगितलं होतं, हेही विचारा. ‘सगळ्यांना आधीच बाहेर काढलं होतं’ असं उत्तर आलं तर चहा संपवून उठा.

• तुमचं कर्ज, मेडिक्लेम, घरात अवलंबून असलेली माणसं यांची चौकशी न करता जो थेट योजनेवर येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

काय टाळावे

• ‘खात्रीशीर १८ टक्के’. बाजारातल्या परताव्याची हमी देण्याची सल्लागाराला मुभाच नाही.

• कोऱ्या फॉर्मवर सही, रोख रक्कम, ओटीपी सांगणं.

• ओळखीचा आहे म्हणून फी विचारायला लाजणं. फुकटचा सल्ला बहुतेकदा कमिशनवाला असतो.

• एफडी मोडायला गेलात आणि ‘पाचच वर्षं भरायचं’ म्हणत पुढे आलेली विमा पॉलिसी. साठीनंतर, मुलं कमावती असताना, आयुर्विम्याची गरज मुळात कितीशी? तरी गळ्यात पडलीच, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.