आता थोडं त्याचं ऐक

अगं, परवा फोनवर तू जे विचारलंस त्याबद्दल तेव्हाच सविस्तर बोलायचं होतं, पण बाळ उठलं आणि तुला फोन ठेवावा लागला. "ताई, मी रोज प्रार्थना करते, रोझरी सहसा चुकवत नाही, पण देव माझ्याशी काही बोलतोय असं कधी वाटतच नाही. माझ्यातच काही खोट आहे का?" असं म्हणालीस. खोटबिट काही नाही गं. उलट उपवासकाळाच्या तोंडावर तुला हा प्रश्न पडला, याचं मला फार बरं वाटलं.

आपल्या वसईत लेंट आला की पहिली चर्चा होते ती काय सोडायचं याची. कुणी मटण-मासे सोडतं, कुणी चहा, कुणी सिरियली. लग्नकार्यं थांबतात. हे सगळं चांगलंच आहे, मी स्वतः ते मनापासून पाळते. पण एक गोष्ट आपल्यापैकी फारसं कुणी सोडत नाही, ती म्हणजे देवापुढचं आपलं बोलणं. या दिवसांत ते वाढतंच. रोझरी, क्रूसाची वाट, नोव्हेना, वर घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मागण्यांची यादी. आमेन म्हटलं की लगेच उठून आपण कुकर लावायला जातो. मग त्यानं बोलायचं कधी?

दर वर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेत एकच प्रसंग वाचला जातो. कधी मत्तयच्या शुभवर्तमानातून, कधी मार्कच्या, कधी लूकच्या, पण प्रसंग तोच : डोंगरावरचं येशूचं रूपांतर. या वर्षी तो वाचला जाईल तेव्हा पेत्राकडे लक्ष दे. येशूचा चेहरा तेजानं उजळलाय, मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलताहेत, आणि पेत्र मध्येच तीन मंडप बांधायची योजना मांडतो. हेतू अगदी चांगला. पण त्याचं बोलणं चालू असतानाच ढग उतरतो आणि त्या ढगातून पिता शिष्यांना पुत्राचं ऐकायला सांगतो. त्या डोंगरावर पित्यानं त्यांच्याकडून दुसरं काहीही मागितलं नाही. मंडप नाही, उपास नाही, नवस नाही. मला पेत्राची फार माया वाटते, कारण आपण सगळ्या बायका त्याच्यासारख्याच आहोत. देवासाठी काहीतरी करायची आपल्याला इतकी घाई असते की त्याला काय हवंय ते विचारायचं राहूनच जातं.

तर बाय, या लेंटमध्ये आणखी एक प्रार्थना वाढवू नकोस. जी करतेस तिच्यातच जागा कर. रोझरीची पाच दशकं घाईत उरकण्यापेक्षा एकच दशक म्हण आणि मग तेवढाच वेळ नुसती बस. सकाळी बाळाच्या आधी तुला जाग येते, असं तू म्हणतेस. ती दहा मिनिटं धर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, हे मी अगदी आग्रहानं सांगते. तो उशाशी असला की बंद असला तरी मन तिकडे धावतं. देवघरासमोर बसायला जमलं तर उत्तम, नाही तर पलंगाच्या कडेवर बसलीस तरी चालेल.

नुसतं बसायचं म्हणजे मन सैरावैरा धावणार. म्हणून त्याला धरायला काहीतरी दे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका कार्थुझियन संन्याशानं आपल्या धर्मबंधूला पत्र लिहिलं होतं. त्यात त्यानं प्रार्थनेच्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचायचं, त्यावर मनन करायचं, मनात जे उठेल ते देवाला सांगायचं आणि मग नुसतं त्याच्यापाशी राहायचं. आजही मठांतून आणि रिट्रीटमधून हीच रीत शिकवतात. आपण घाईच्या बायका बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवरच उडी मारतो. आधी वाचायचं असतं, तेही अगदी थोडं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घे. ज्या वर्षी रविवारी मत्तयचं शुभवर्तमान चालतं, त्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी हाच उतारा असतो, पण तू कधीही घेऊ शकतेस. शोमरोनातली विहीर, भर दुपार. शिष्य गावात जेवण आणायला गेलेत. चालून चालून दमलेला येशू विहिरीपाशी टेकलाय. एक बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. एकदा वाच. मग बायबल मिटून त्या विहिरीपाशी जाऊन उभी राहा. आपल्या आजीच्या वेळच्या बायका विहिरीवर, बावखलावर जायच्या त्या भल्या सकाळी, नाहीतर उन्हं कलल्यावर. ऐन बाराच्या उन्हात एकटी पाण्याला कोण जातं? जिला इतर बायकांच्या तोंडी लागायचं नसेल तीच. पाय पोळताहेत, घागर रिकामी आहे, आणि नेमका आज तिथं एक परका पुरुष बसलाय, तोही यहुदी. तिला काय वाटलं असेल? ती त्याला सरळ टोकते, तू माझ्याकडे पाणी कसं मागतोस म्हणून. तुझ्याकडे काढायला काही नाही आणि विहीर खोल आहे, हेही ऐकवते. तो रागावत नाही. तिचं आयुष्य त्याला ठाऊक आहे, पाच नवरे होऊन गेलेत हेही तो बोलून दाखवतो, पण तिला हाकलत नाही. ती वाद घालते, प्रश्न विचारते, तो उत्तर देत राहतो. आणि शेवटी ती घागर तिथंच टाकून गावात पळते.

या सगळ्यातलं काय तुझ्या मनात अडकतं ते बघ. सगळा उतारा समजून घ्यायची गरज नाही, प्रवचन तयार करायचं नाहीये आपल्याला. एखादीला ती रिकामी घागर दिसेल, एखादीला ते पाच नवरे. तुझी आजची परिस्थिती बघता मला वाटतं, तुला कदाचित 'येशू दमला होता' एवढंच दिसेल. मग तिथंच थांब. पुढं जाऊ नकोस. रात्रीची जागरणं, सकाळची विरार लोकल, ऑफिस, घरी आल्यावर पुन्हा ओटा. तूही दमली आहेस ना? त्याला सांग तसं. आणि मग गप्प बस. कानात आवाज येणार नाही. पण दमलेल्या बाईसमोर दमलेला देव बसलाय आणि तो तुझ्याकडून काही मोठं काम न मागता फक्त पाणी मागतोय, हे जर आत कुठंतरी उतरलं, तर तो बोलला असं समज. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असंच होतं. वाचलेलं एखादं वाक्य दिवसभर मनात घोळत राहतं आणि संध्याकाळी भलत्याच ठिकाणी, भांडी घासताना, त्याचा अर्थ लागतो. एक वही कर. रोज एक ओळ लिही, काय अडकलं ते.

आता थोडं अवघड बोलते. मनात उठणारा प्रत्येक आवाज देवाचा नसतो. संत इग्नेशियस लोयोला हा मूळचा लढवय्या. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो घरी अंथरुणाला खिळला. वाचायला त्यानं शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. मग पडल्या पडल्या तो कधी दरबारातल्या पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत रमायचा. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडतं आणि दुसरी ओसरल्यावरही आनंद मागे राहतो. देवाचा आवाज पारखायची त्याची सगळी शिकवण इथून सुरू झाली. म्हणून तुलाही सांगते, एखादा विचार आला की त्याच क्षणी ठरवू नकोस. तो विचार गेल्यावर मागे काय उरलं ते बघ. रात्री अंथरुणावर पडलीस की दिवस एकदा डोळ्यांपुढून जाऊ दे. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुठं जीव हलका झाला, कुठं मी कडवट झाले, उद्यासाठी काय मागू. पाच मिनिटं पुरतात. झोप लागली तर लागू दे, त्याला चालतं.

'तू वाईट आई आहेस, तुझ्याच्यानं काही होत नाही, तुझी प्रार्थना कोण ऐकणार' असं जो सतत आत टोचत राहतो ना, तो आवाज देवाचा नाही. देव चूक दाखवतो, नक्की दाखवतो, पण नेमकी दाखवतो : आज सासूबाईंना तू तोडून बोललीस, जा, बोल त्यांच्याशी. त्यात परतायची वाट असते. नुसताच दोष देणारा आणि वाट न दाखवणारा आवाज आला की त्याला दारातूनच परत पाठव. आणि हेही स्पष्टच लिहिते. घरात मार खाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला कुणी सांगितलं की सहन कर, हाच तुझा क्रूस आहे आणि हीच देवाची इच्छा, तर ते मान्य करू नकोस. तिला आधी सुरक्षित जागी ने. येशूनं स्वतःहून उचललेला क्रूस आणि कुणीतरी हात उगारून एखादीवर लादलेलं दुःख यांची गल्लत आपल्या समाजात फार झाली आहे, आणि त्याची किंमत बायकांनीच मोजली आहे.

पारख एकटीनं होत नाही. लहानग्या शमुवेलाची गोष्ट आठव. रात्री देव त्याला हाक मारतो आणि तो तीनदा धावत एलीकडे जातो, तूच बोलावलंस ना म्हणून. तिसऱ्या वेळी एलीला उमगतं की ही हाक कुणाची आहे, आणि काय उत्तर द्यायचं ते तो पोराला शिकवतो. एली म्हातारा झाला होता, दृष्टी मंदावली होती, त्याचे स्वतःचे मुलगे वाया गेले होते. तरी त्याच्याशिवाय शमुवेलाला ती हाक कळली नसती. तुझ्यासाठी असा एखादा एली शोध. पॅरिशमधले फादर असतील, एखाद्या सिस्टर असतील, देवभीरू शेजारीण असेल. ती व्यक्ती निर्दोष असायला हवी असं नाही, तोंडाला कुलूप लावणारी मात्र हवी. कन्फेशनलाही लवकर जा. पवित्र आठवड्यात रांगा लागतात आणि फादरना दोन वाक्यांपलीकडे बोलायला उसंत मिळत नाही. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलीस तर ते नीट ऐकतील.

आणि समजा, एवढं करूनही काहीच ऐकू आलं नाही तर? होतं तसं. आविलाच्या संत तेरेझानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडेच असायचं. प्रार्थनेची गुरू मानली गेलेली बाई ती! आणि मदर तेरेसा. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. त्यानंतर काही वर्षांतच आतला प्रकाश मावळला आणि तो कोरडेपणा दशकानुदशकं राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची पत्रं पुस्तकरूपात आली तेव्हा जगाला हे कळलं. रोज पहाटे त्या प्रार्थनेला बसत होत्या, रोज रस्त्यावरच्या माणसांना उचलत होत्या, आणि आत शांतता. मला या पत्रांनी फार धीर दिला आहे. ऐकू न येणं म्हणजे देवानं तुला टाकणं नव्हे. तू बसत राहा. दहाची पाच मिनिटं झाली तरी बस. आणि हो, लोकलमध्ये डोळे मिटून बसलीस तरी ती प्रार्थनाच. त्यांना हाक आली तीही गाडीतच.

उपवासाचं तू विचारलं नाहीस, पण मी ओळखते तुला. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला दिवसभर उपाशी राहायचा तुझा बेत असणार. चर्चचा नियम १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांसाठी आहे, आणि तोही एक पूर्ण जेवण आणि दोन हलक्या खाण्यांचा. तू अंगावर पाजतेस. तुला यातून सूट आहे, ती घे आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. त्याऐवजी राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारचं पहिलं वाचन काढून वाच, यशयाचा ५८वा अध्याय. देवाला आवडणारा उपवास कोणता, ते तिथं लिहिलंय : अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या घासातला घास देणं. मग तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी एकदा निवांत बस. त्यांना चहा दे, मुलं कितवीत आहेत विचार, आणि त्या बोलतील तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव. जिला समोरच्या माणसाचं ऐकायची सवय नाही तिला देवाचंही ऐकू येत नाही, या मताची मी आहे. दहा बाळं एकदम रडत असली तरी तुला तुझ्या बाळाचं रडणं ओळखू येतं ना? ते काही कुणी शिकवलं नाही तुला, जवळ राहून राहून कळायला लागलं. देवाचंही तसंच आहे. त्याचा आवाज वाचनात, माणसांत, शांततेत वारंवार भेटत गेला की मग गर्दीतही कळतो.

शुक्रवारी ऑफिसमुळे क्रूसाच्या वाटेला पोहोचणं जमणार नाही, हे मला माहीत आहे. घरीच कर. चौदाही स्थानं उरकायची नाहीत. एकच घे आणि त्या आठवडाभर तिथंच राहा. पहिल्या आठवड्यासाठी मी चौथं सुचवेन, जिथं येशूला त्याची आई भेटते. शुभवर्तमानात ही भेट लिहिलेली नाही, परंपरेनं जपली आहे, आणि परंपरेतही त्या दोघांचं बोलणं असं फारसं नाहीच. तू आता आई आहेस, तुला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. काय कळलं ते वहीत लिही. पवित्र आठवड्यात माहेरी येशील तेव्हा वही बरोबर आण. मला वाचून दाखवायलाच हवी असं नाही, पण कुठं अडली असशील तर बाळाला आईकडे देऊन आपण दोघी बसू.